पुण्यात कॉलेजच्या मुलांना फ्लॅट देण्याआधी काय तपासायचं

जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत कोथरूड, कर्वेनगर, धनकवडी, आंबेगाव, विमाननगर, आकुर्डी अशा कॉलेजांभोवतीच्या भागांत घरमालकांचे फोन सारखे वाजत असतात. प्रवेशाची फेरी लागली की मुलांना चार दिवसांत घर हवं असतं, आणि त्या घाईत मालकही घाई करतो. एजंट म्हणतो, "मुलं चांगल्या घरची आहेत." टोकन येतं, किल्ली जाते, आणि नावं-पत्ते डिसेंबरात विचारले जातात, तेही सोसायटीच्या चेअरमनचा फोन आल्यावर.

नोकरदार भाडेकरू तपासायची रीत सगळ्यांना माहीत आहे: पगाराची स्लिप, कंपनीचं ओळखपत्र, सिबिल स्कोअर. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. म्हणून काही मालक "बॅचलर नकोत" म्हणून दारच बंद करतात आणि काही चेहरा बघून हो म्हणतात. दोन्ही चूक आहे. विद्यार्थ्याच्या बाबतीत तीन गोष्टींची खात्री करायची असते. सांगतो तोच तो आहे का? भाडं कोण भरणार, आणि अडलं तर कोणाला फोन करायचा? आणि कराराची मुदत संपेपर्यंत तो या शहरात असणार आहे का? जो प्रश्न या तिन्हींपैकी एकाशीही जुळत नाही, तो विचारायची गरज नाही.

जाहिरात देण्याआधी

आधी स्वतःशी ठरवा: अख्खा फ्लॅट एका गटाला द्यायचा की कॉट बेसिसवर, म्हणजे एकेक खाट वेगळी भाड्याने? कॉट बेसिसमध्ये आकड्यात पैसे जास्त दिसतात, पण तो चालवायचा धंदा आहे. प्रत्येक मुलाचा वेगळा करार, वेगळं डिपॉझिट, महिन्याला एक येणार एक जाणार, आणि भांडण झालं की निवाडा तुमच्याकडे. ज्यांना रोज तिथे जाता येत नाही त्यांनी अख्खा फ्लॅट एकाच करारावर द्यावा. पुढचं सगळं तसंच धरून लिहिलं आहे.

टू बीएचकेत चार जण ठीक. एकच बाथरूम असेल तर तीन. पाचवा आला की पाणी, पार्किंग आणि शेजारी तिन्हींची तक्रार सुरू होते. चौघांकडे मिळून दोन-तीन दुचाक्या असतातच, म्हणून गाड्या कुठे लावायच्या हे सोसायटीत आधीच विचारून घ्या. सहकारी सोसायटीत फ्लॅट भाड्याने द्यायला कमिटीची परवानगी लागत नाही, कळवावं मात्र लागतं, आणि कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यावी लागते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. तरीही सेक्रेटरींना आधी भेटून यावं. "चार मुली येणार आहेत, नावं अशी, पालकांचे नंबर माझ्याकडे आहेत" एवढं सांगितलं की निम्मा विरोध तिथेच मावळतो.

कराराची तारीखही आत्ताच ठरवा. जुलैत सुरू होणारा ११ महिन्यांचा करार मेअखेर संपतो, तेव्हा बहुतेकांच्या परीक्षा उरकलेल्या किंवा उरकत आलेल्या असतात. ऑक्टोबरला सुरू झालेला करार ऑगस्टअखेर संपतो आणि नव्या मुलांचा मोठा लोंढा तोवर घरं घेऊन बसलेला असतो. त्यामुळे उशिरा आलेल्या गटाशी ११ महिन्यांचा आग्रह धरू नका. मेअखेरपर्यंतचाच करार करा आणि राहणार असतील तर जूनमध्ये नवा.

पहिला फोन

फ्लॅट दाखवण्याआधी फोनवर सात-आठ प्रश्न विचारायचे, प्रत्येकाला तेच आणि त्याच क्रमाने. वहीत लिहून ठेवा, कारण दिवसाला पंधरा फोन आले की तिसऱ्या दिवशी काही आठवत नाही.

कॉलेज कोणतं, कोर्स कोणता, कितवं वर्ष?
एकूण किती जण, आणि चौघांची नावं सांगता का?
याआधी कुठे राहत होता, आणि ते का सोडताय?
कधीपासून कधीपर्यंत हवं आहे?
भाडं कोण भरणार? पालकांशी बोललं तर चालेल का?
गाड्या किती?
वय अठरा पूर्ण आहे का?

सगळ्यात जास्त घोळ दुसऱ्या प्रश्नाला होतो. "आत्ता आम्ही दोघंच आहोत सर, बाकीचे दोघं महिन्याभरात येतील" असं उत्तर आलं तर समजा की गट अजून जमलेलाच नाही. चौघांच्या बजेटचं भाडं दोघांवर पडतं, पहिल्या महिन्यालाच ओढाताण होते, आणि मग जो मिळेल त्याला आत घेतलं जातं. तुम्ही ज्याला कधी पाहिलं नाही असा माणूस तुमच्या घरात राहायला लागतो. चारही नावं आणि चारही कागद येईपर्यंत टोकन घेऊ नका. मुलं चांगली असली तरी हा नियम मोडू नका. घाईत नियम मोडावासा वाटतो तो नेमका चांगल्या मुलांसाठीच.

पहिल्या वर्षाच्या मुलाला आणखी एक विचारा: "सीट फ्रीझ केलीस की बेटरमेंटला ठेवली आहेस?" म्हणजे मिळालेली सीट कायम केली की पुढच्या फेरीत आणखी चांगल्या कॉलेजसाठी थांबला आहे. कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत पुण्यातलं कॉलेज लागलेला मुलगा बेटरमेंटला गेला असेल तर पुढच्या फेरीत त्याला मुंबई किंवा सांगलीचं कॉलेज लागू शकतं. त्यात त्याची चूक काहीच नाही. पण त्याच्याशी करार करायचा तर सीट पक्की झाल्यावर.

शेवटच्या वर्षाच्या मुलाला इंटर्नशिपचं विचारा. इंजिनिअरिंगच्या पुष्कळ मुलांना शेवटच्या सत्रात बंगळुरू-हैदराबादची इंटर्नशिप लागते आणि जानेवारीत खोली रिकामी होते. एमबीएच्या पहिल्या वर्षानंतर उन्हाळी इंटर्नशिप असतेच. एमबीबीएसची मुलं या बाबतीत सगळ्यात स्थिर: साडेचार वर्षं शिक्षण आणि पुढे वर्षभर इंटर्नशिप. सदाशिव पेठ, नारायण पेठेत येणारी स्पर्धा परीक्षेची मुलं कॉलेजची नसतात, त्यांच्याकडे ओळखपत्र नसतं, म्हणून त्यांना खोटं समजू नका. त्यांची पदवीची गुणपत्रिका, अभ्यासिकेची पावती आणि क्लासची पावती बघा. ती शांत राहतात. त्यांचं जाणं-येणं मात्र परीक्षेच्या तारखांवर असतं आणि त्या तारखा पुढे-मागे होतात, म्हणून नोटिशीचं कलम नीट लिहून घ्या.

फोनवरच एक सावधगिरी. "मी बाहेरगावी आहे, फ्लॅट न बघताच पसंत आहे, डिपॉझिट आत्ता पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे मिळवण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात.

कागद: काय मागायचं आणि कसं वाचायचं

प्रत्येक मुलाकडून पाच गोष्टी: आधार, कॉलेजचं ओळखपत्र, चालू वर्षाची फी पावती किंवा बोनाफाईड (तो तिथे शिकतो असा कॉलेजचा दाखला), पासपोर्ट आकाराचा फोटो, आणि एका पालकाचं आधार व मोबाइल नंबर. पहिल्या वर्षाला ओळखपत्र मिळायला महिना-दीड महिना लागतो. तोवर कॅपचं अलॉटमेंट लेटर आणि कॉलेजने दिलेली प्रवेशाची पावती चालते. ओळखपत्र मिळाल्यावर त्याचा फोटो पाठवायला सांगून ठेवा आणि वहीत तारीख टाका.

बोनाफाईड हातात आल्यावर नुसता शिक्का बघून ठेवून देऊ नका. वर डाव्या-उजव्या कोपऱ्यात जावक क्रमांक आणि तारीख असते. ती तारीख चालू शैक्षणिक वर्षातली आहे का? मजकुरात नाव, वर्ग, शाखा आणि शैक्षणिक वर्ष असतं. हे नाव आधारवरच्या नावाशी अक्षरशः जुळतं का, की वडिलांचं नाव वेगळं आहे? खाली प्राचार्य किंवा कुलसचिवांची सही आणि गोल शिक्का. त्या शिक्क्यावरचं कॉलेजचं नाव वरच्या लेटरहेडशी जुळलं पाहिजे. शेवटच्या ओळीत बोनाफाईड कशासाठी दिलं ते बहुधा लिहिलेलं असतं. बँक कर्जासाठी किंवा बसच्या पाससाठी काढलेलं चालतं, त्यावर अडून बसू नका. शंका आली तर कॉलेजच्या वेबसाइटवरून कार्यालयाचा नंबर शोधून फोन करा. मुलाने दिलेल्या नंबरवर नको, कारण तो त्याच्या मित्राचाही असू शकतो. कार्यालय मुलाची माहिती देणार नाही, आणि देऊही नये. पण "या जावक क्रमांकाचं बोनाफाईड तुमच्याकडून गेलं आहे का" एवढ्याला हो किंवा नाही मिळतं.

फी पावती खरं तर बोनाफाईडहून जास्त बोलते. पूर्ण फी भरली आहे की पहिला हप्ता, कोणत्या खात्यातून भरली, पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) काय आहे, हे सगळं त्यावर असतं. ज्या घरातून फी वेळेवर जाते त्या घरातून भाडंही बहुधा वेळेवर येतं.

आधार तपासायचं तर त्यावरचा क्यूआर कोड आधार प्राधिकरणाच्या अधिकृत ॲपमधून स्कॅन करा. पडद्यावर येणारं नाव, फोटो आणि जन्मतारीख छापलेल्या कार्डाशी जुळली पाहिजे. कार्डावरचा मजकूर संगणकावर सहज बदलता येतो, कोडमधला बदलता येत नाही. तुमच्या फाइलसाठी मास्क केलेलं आधार घ्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. पूर्ण क्रमांक करार नोंदवताना लागतो, तो तेव्हाच तिथे द्यावा. मुलांचे कागद एजंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात हे नेहमीचं झालं आहे, आणि ते चुकीचं आहे. अठरा वर्षांच्या मुलीचा फोटो, गावचा पत्ता आणि आईचा नंबर दहा अनोळखी लोकांकडे जाणं तुमच्या हातून होऊ नये. कागद थेट स्वतःकडे मागवा. गट नाकारला तर त्याच दिवशी पुसून टाका.

वय जरूर बघा. बारावी होऊन आलेली काही मुलं सतरा वर्षांची असतात. अठरा पूर्ण नसलेल्याने केलेला करार भारतीय करार कायद्याप्रमाणे मुळातच रद्दबातल असतो, त्यावर त्याच्याकडून एक रुपयाही वसूल करता येत नाही. अशा वेळी करार आई किंवा वडिलांच्या नावावर करायचा आणि त्यात मुलाचं नाव राहणारा म्हणून लिहायचं.

पालकांना फोन

सगळ्या तपासणीत हा दहा मिनिटांचा फोन सगळ्यात मोलाचा. चौघांच्या चार घरी करायचा, एकाच्या घरी करून भागत नाही. शक्यतो संध्याकाळी सातनंतर, म्हणजे शेतातली, दुकानातली, ऑफिसातली माणसं मोकळी असतात.

"नमस्कार काका, मी पुण्याहून बोलतोय. तुमची मुलगी माझ्या कर्वेनगरच्या फ्लॅटबद्दल विचारत होती. तुमच्या कानावर आहे ना?" पहिलं वाक्य एवढंच. समोरून "हो हो, बोलली काल" आलं तर पुढे चला. "कसला फ्लॅट? ती तर हॉस्टेलला आहे" आलं तर तिथेच थांबा. मुलीवर आरोप करू नका. "तिच्याशी बोलून घ्या, मी उद्या फोन करतो" म्हणा. कदाचित तिला आधी घर बघून मग घरी सांगायचं असेल.

पुढे आकडे स्पष्ट सांगा: महिन्याचं भाडं किती, तिच्या वाट्याला किती, डिपॉझिट किती, वीज वेगळी, मेस वेगळी. मुलांनी घरी सांगितलेला आकडा आणि खरा आकडा यांत फरक असतो, तो इथे उघड होतो आणि ऑक्टोबरचं भांडण जुलैत मिटतं. मग विचारा, "भाडं तुम्ही थेट पाठवणार की तिच्याकडे देणार?" आणि "काही अडचण आली तर मी तुम्हालाच फोन करू ना?" या दुसऱ्या प्रश्नाला "करा की, केव्हाही करा" म्हणणारा पालक हीच तुमची खरी हमी.

एक गोष्ट या फोनमध्ये करू नये. मुलं किती वाजता येतात, कोणाबरोबर फिरतात, याचा अहवाल द्यायचं कबूल करू नका. काही पालक मागतात. तुम्ही घर दिलं आहे, पाळत ठेवायचं काम घेतलेलं नाही. भाडं थकलं, आजारपण आलं, पोलिसांचं काही झालं तर कळवेन, असं सांगा.

आधीचा मालक

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं आधी कुठेतरी राहिलेली असतात. त्या मालकाचा किंवा रेक्टरचा नंबर घ्या. "मुलं कशी होती?" असं विचारलं की "चांगली होती" एवढंच मिळतं. त्याऐवजी "डिपॉझिटमधून किती कापलं आणि कशासाठी?" असं विचारा. रंग आणि साफसफाईला कापलं असेल तर नेहमीचं आहे. थकलेलं भाडं, वीजबिल, तुटलेलं दार असं ऐकू आलं तर मुलांची बाजूही ऐका आणि मग ठरवा. मुलं अजून त्याच घरात राहत असतील तर तो मालक त्यांना घालवायच्या घाईत असू शकतो आणि भरभरून कौतुक करतो. अशा वेळी त्याच्याही आधीच्या मालकाशी बोलावं.

पैशाचा हिशेब

दोन ते तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिट पुरेसं आहे. जास्त मागितलं तर चांगले पालक मागे हटतात, आणि जो कसलाही प्रश्न न विचारता सहा महिन्यांचं रोख द्यायला निघतो त्याच्याबद्दल उलट जास्त चौकशी करावी. टोकनची पावती लिहून द्या: रक्कम, तारीख, कोणत्या तारखेपर्यंत कागद द्यायचे, आणि तपासणीत तुम्हीच नकार दिला तर ती पूर्ण परत मिळेल. हे न लिहिल्यामुळे होणारी भांडणं फार आहेत.

भाडं चार जणांकडून चार वेळा घेऊ नका. एक नेहमी उशिरा येतो आणि तिघांनी भरलं म्हणून तुम्हाला बोलता येत नाही. चौघांपैकी एकाने, किंवा एका पालकाने, पाच तारखेच्या आत एकच रक्कम पाठवायची. करारात चौघांची जबाबदारी संयुक्त आणि प्रत्येकाची पूर्ण रकमेपुरती आहे असं लिहा. करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे, उलट काही ठरलेलं नसेल तर एकत्र कबुली देणाऱ्यांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागता येते. पण मुलांना आणि पालकांना हे आधीच तोंडी समजावून सांगा. तीन हजारांऐवजी बारा हजारांची मागणी आल्यावर पहिल्यांदा कळणं बरं नव्हे.

शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलांना काही मालक टाळतात. तसं करू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, त्यात निवासाचाही भाग आहे. अडचण एवढीच की पैसे हप्त्याने आणि उशिरा जमा होतात. म्हणून विचारायचं ते असं: हप्ता येईपर्यंत दरमहा कोण भरणार? घरून मामा, मोठा भाऊ, कोणी उभं राहत असेल तर त्याला हमीदार करा. अशा मुलाला योजनेच्या अर्जासाठी भाड्याच्या घराचा पुरावा लागतो. तुम्ही नोंदणीकृत करार दिलात तर त्याची मदत सुरू होते आणि तुमचं भाडंही. शैक्षणिक कर्ज असेल तर मंजुरीपत्र बघा, राहण्याचा खर्च त्यात धरला आहे की फक्त फी, ते लिहिलेलं असतं.

प्रत्यक्ष भेट

चौघांनी एकत्र यावं. बाहेरगावी असलेला व्हिडिओ कॉलवर. केस, कपडे, बोलण्याची ढब यांवरून काही कळत नाही. ती काय विचारतात यावरून कळतं. पाणी किती वाजता येतं, मीटर वेगळा आहे का, गिझर चालतो का, मेस जवळ कुठे, कचरेवाला कधी येतो, असं विचारणारी मुलं घर चालवायच्या तयारीने आलेली असतात. कोणती खोली कोणाची आणि मोठ्या खोलीतल्याने जास्त द्यायचे का, हे तुमच्यासमोरच ठरवायला सांगा. पाच मिनिटांत त्यांचं आपसात किती जमतं ते दिसतं. भाडं थकण्याची सुरुवात बहुतेक वेळा याच भांडणापासून होते.

पाहुणा सलग किती रात्री राहू शकतो, रात्री दहानंतर आवाजाचं काय, गच्चीवर जाता येतं का, हे तोंडी सांगा आणि करारातही लिहा. पाहुण्याला महिन्यात चार-पाच रात्रींची मुभा द्या. अजिबात नको म्हटलं की तो लपून राहतो आणि तुम्हाला कळतच नाही.

जात, धर्म, आडनाव, गावातली आळी हे विचारू नका, आणि एजंटलाही आपल्या नावाने विचारू देऊ नका. भाडं वेळेवर येण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. परभणीहून किंवा ईशान्येकडून पहिल्यांदा शहरात आलेल्या मुलाला दहा दारांवर तेच ऐकावं लागतं. पुण्याची ओळख शिक्षणाची आहे, तर इथल्या घरमालकाने एवढं पाळायलाच हवं.

करार आणि नोंदणी

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोटरी केलेला करार नोंदणीकृत नसतो, हे अजूनही पुष्कळांना माहीत नाही.

खर्च फार नाही. भाडं २८,००० आणि डिपॉझिट ८४,००० असेल तर ११ महिन्यांचं भाडं ३,०८,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी ११ महिन्यांचं व्याज ७,७००. बेरीज ३,१५,७००, तिच्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे सुमारे ७९० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. ऑनलाइन नोंदणी करणारा माणूस अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, त्याची फी वेगळी, ती आधीच विचारा. चारही मुलांचे अंगठे लागतात. एक जण गावी गेला की नोंदणी रखडते आणि तोवर बाकीचे राहायला आलेले असतात. म्हणून क्रम पक्का ठेवा: अंगठे आधी, किल्ली नंतर.

करारात हे असू द्या: चौघांची पूर्ण नावं आणि गावचे पत्ते, संयुक्त जबाबदारी, सहा महिन्यांचा लॉक-इन (तोवर करार मध्येच सोडायचा नाही), एक महिन्याची नोटीस, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, एक जण सोडून गेला तर बदली माणूस तुमच्या लेखी होकारानंतरच, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत. पालकांच्या हमीचं कलम छापील नमुन्यात बसत नसेल तर मुद्रांकावर वेगळं हमीपत्र घ्या. त्यात रकमेची मर्यादा लिहा, म्हणजे पालकही न घाबरता सही करतात.

मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. त्यासाठी लेखी करार हाच पुरावा. भाडं थकलं म्हणून पाणी किंवा वीज तोडायची नाही. त्याच अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे तो मालकाचाच गुन्हा ठरतो.

पोलिसांना माहिती

मुलं राहायला येण्याआधी भाडेकरूंची माहिती पोलिसांच्या ऑनलाइन अर्जात भरा: मालकाचा तपशील, घराचा पत्ता, प्रत्येकाचा फोटो, कायमचा पत्ता, ओळखपत्र, एजंट असेल तर त्याचं नाव. पोचपावती छापून एक सोसायटीला द्या. पोलीस आयुक्तांचा तसा आदेश असताना माहिती दिली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. मात्र ही पोचपावती म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. तुम्ही कळवलं एवढाच तिचा अर्थ, आधीची तपासणी तिने भरून निघत नाही.

परदेशी विद्यार्थी असेल तर पासपोर्ट, विद्यार्थी व्हिसा आणि कॉलेजचं प्रवेशपत्र बघा. तो राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन कळवणं ही मालकाची जबाबदारी आहे. लोक याला फॉर्म सी म्हणतात. व्हिसाची मुदत कराराच्या आधी संपत असेल तर करारही तिथपर्यंतच.

किल्ली देताना, आणि डिसेंबरात

किल्ली देण्याच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढा, खोलीखोलीतून एक सलग व्हिडिओ करा आणि तो मुलांच्या ग्रुपवर टाका. पंखे, गिझर, नळ, कॉट, गाद्या, पडदे आणि किल्ल्यांची संख्या कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या. आधीच पडलेला ओरखडा, ओल आलेली भिंत, सैल नळ हेही लिहा. महावितरणच्या ग्राहक क्रमांकाला मोबाइल नंबर तुमचाच ठेवा. बिल मुलांनी भरायचं, पण थकल्याचा संदेश तुमच्याकडे आला पाहिजे, कारण मीटर तुमच्या नावावर आहे.

सत्र संपलं की डिसेंबर-जानेवारीत एक जण जातो. हॉस्टेल मिळतं, भांडण होतं, घरची अडचण येते. मुलं मित्राला आणून बसवतात आणि सांगायचं राहून जातं. म्हणून नोव्हेंबरअखेर ग्रुपवर विचारा: "पुढच्या सत्रात चौघंही आहात ना?" नवा येणार असेल तर त्याचे तेच पाच कागद, त्याच्या घरी तोच फोन, पोलिसांना पुन्हा माहिती, आणि करारात बदल. जाणाऱ्याचं डिपॉझिट तुम्ही परत देऊ नका. नव्याकडून त्याने घ्यावं आणि तसं लिहून तुमच्याकडे द्यावं, नाहीतर एकाच डिपॉझिटवर दोघं हक्क सांगतात.

मेमध्ये घर रिकामं होताना तोच व्हिडिओ समोर ठेवून फिरा. कापायचं ते कारण आणि रकमेसह लिहून द्या आणि उरलेले ठरल्या दिवशी परत करा. आणि नीट राहिलेल्या मुलांना अर्ध्या पानाचं पत्र द्या: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत राहिले, भाडं वेळेवर आलं, डिपॉझिटमधून काय कापलं, खाली तुमची सही आणि नंबर. जूनमध्ये त्या मुलांना कुठल्यातरी दारात उभं राहायचं आहे, आणि तिथला मालक तुम्हालाच फोन करणार आहे.